खळीचा किडा

सोलापूरचा माणूस माशाबद्दल लिहायला बसला की तुमच्या तोंडाला पाणी सुटणार. तुम्हाला वाटणार, आता हा हिप्परग्याच्या तळ्याकाठी गळ टाकून बसणार, ऊन कलणार, दोरी हलणार आणि शेवटच्या पानावर झणझणीत कालवण आणि ज्वारीची भाकरी येणार. तसलं काही नाही. ह्यात मासा येतच नाही. आधीच सांगतो, नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नका. ह्यात एक किडा आहे, तोही खोटा. आणि ज्या माशासाठी तो केला, तो मासा दुधनीपासून माळशिरसपर्यंत अख्ख्या जिल्ह्यात कुणी बघितलेला नाही. ट्राउट म्हणे. बर्फाच्या पाण्यात राहतो. आमच्याकडं उन्हाळ्यात रांजणातलं पाणी सुद्धा चहाला ठेवल्यासारखं असतं.

अजून एक. मी नकला करतो म्हणून लोक मी तोंड उघडायच्या आधीच हसायला लागतात. हे ऐकताना पण हसतात. हसा. मला मात्र अजून राग येतो.

मी मोहोळचा. मॅट्रिक तिथंच झालो आणि नोकरी बघायला म्हणून सोलापुरात आक्काकडं येऊन पडलो. नोकरी काय मिळेना. पण नकला भरपूर मिळाल्या. गाडीचा कंडक्टर, शाळेतले हेडमास्तर, भाजीवाली, आणि सगळ्यात भारी म्हणजे मिलचा भोंगा. मी भोंगा असा काढायचो की गल्लीतली दोन माणसं एकदा डबा घेऊन घराबाहेर पडली होती.

दाजी, म्हणजे आक्काचे मालक, मिलमध्ये बदली कामगार. बदली म्हणजे काय ते सांगतो. मिलमध्ये कुणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम करणारा माणूस. रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. आत कुणाला ताप आला, कुणाचं कुणी मेलं, की ह्यांना काम. नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. दाजी रोज सकाळी देवापुढं हात जोडून उभे राहायचे तेव्हा नेमकं काय मागत असतील, ह्याचा विचार मी करायचो. कुणाला तरी खोकला होऊ दे, असंच की.

काम मिळालं तर बहुतेक सायझिंग खात्यात मिळायचं. तिथं ताण्याच्या सुताला खळ देतात. खळ म्हणजे पिठाची उकळलेली पेज, तिच्यातून सूत काढून वाळवलं की ते ताठ होतं आणि मागावर तुटत नाही. दाजींच्या अंगाला कायम त्या खळीचा आंबूस वास यायचा. त्यांना त्या वासाचा अभिमान होता. म्हणायचे, "मिलमधी कापड कोन बी ईणतंय. पर खळ आमची नसंल तर धोटा दोन हात बी जाणार न्हाई."

आक्काला खळीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला पाहिजे होती चूल. दाजींचे थोरले भाऊ, भावजय, त्यांची पोरं आणि हे दोघं, आणि आता वर मी, सगळे दीड खोलीत. चूल एकच, ती थोरल्या जाऊबाईंची. त्यांचा तवा उतरल्याशिवाय आक्काची भाकरी चढायची नाही. दाजी परमनंट झाले की मिलच्या चाळीत एक खोली मिळणार होती. आक्कानं त्या खोलीसाठी मंगळवार बाजारातून एक नवा कोरा तवा आणून ठेवला होता. गोणपाटात गुंडाळून बाजेखाली. वर्षानुवर्षं. अधूनमधून काढायची, गंज चढू नये म्हणून तेलाचं बोट फिरवायची, परत गुंडाळायची.

त्या उन्हाळ्यात सायझिंगमधला एक म्हातारा रिटायर होणार होता आणि त्याची जागा परमनंट होती. ती कुणाला द्यायची हे मास्तरसाहेब ठरवणार होता. हा मास्तर शाळेचा नाही, मिलचा, खात्यावरचा साहेब. दाजी त्याच्यापुढं गेले की त्यांच्या पाठीतलं एक हाड आपोआप गायब व्हायचं. "व्हय साहेब" हे दोन शब्द सोडून तिसरा शब्द त्यांच्या तोंडातून निघायचा नाही. साहेब त्यांना नावानं कधीच हाक मारत नव्हता. "ए बदली," म्हणायचा. जागेचं काढलं की म्हणायचा, "सुट्टीवरून आलो की बघू."

सुट्टीला साहेब दरवर्षी काश्मीरला जायचा. तिथं म्हणे ओढ्यात उभं राहून ट्राउट धरायचा. त्याला गांडूळ चालत नाही, कणीक चालत नाही. गळाला मोरपीस, कोंबड्याचं पीस, तार असलं काहीबाही बांधून खोटा किडा करायचा आणि तो माशाला दाखवायचा. असले किडे साहेबाकडं पत्र्याच्या डबीत होते, कुणीतरी विलायतेहून आणलेले. त्या वर्षी डबी उघडली तर कसर लागलेली. सगळी पिसं खाऊन आत नुसते गळ उरलेले. एकच किडा धड होता.

तो एक किडा साहेबानं दाजींच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "ए बदली, असले करून मिळतील का सोलापुरात?"

दाजी काय म्हणाले ते तुम्हाला कळलंच.

घरी येऊन त्यांनी तो माझ्यापुढं ठेवला. करडईच्या दाण्याएवढं काहीतरी, हिरवट काळं, केसाळ, मागं दोन-चार मिशा.

"दाजी, हे काय हाय?"

"निंफ म्हनत्यात. पान्याच्या तळाला दगडाखाली ऱ्हानारा किडा. पंख फुटायच्या आदीचा."

"मग मी काय करू ह्याचं?"

"तू नकला करतोस न्हवं? मग ह्याची कर."

आक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नवरा खळीत, भाऊ किड्यात. माझं चांगलं चाललंय."

पण तिनंच नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, "नीट कर बाबा. जागा हाय त्यात."

झालं. माझ्या डोक्यावर एक खोली, एक चूल आणि एक नवा तवा बसला, आणि मी किडा करायला बसलो.

शिकायचं असेल तर शिकून घ्या, पुढं मला वेळ नाही. आधी गळ. बारीक, लांब दांडीचा. तो धरायला पकड पाहिजे. पकडीच्या मुठींना सायकलच्या ट्यूबची रिंग आवळून बसवली की पकड आपण होऊन गळ धरून बसते आणि आपले दोन्ही हात मोकळे. ही माझी अक्कल, कुणी शिकवली नाही. मग शिसं. किडा तळाला गेला पाहिजे, वर तरंगला तर मासा बघत नाही, म्हणून आत वजन. त्यासाठी फ्यूजची तार. शिशाची असते, मऊ, दांडीच्या मधल्या भागावर आठ-दहा वेढे देऊन नखानं दाबली की बसते. तार मी आमच्याच घराच्या फ्यूजमधून काढली. दिवेलागणीला बटण दाबलं आणि बत्ती काही लागेना, तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी माझ्या मोहोळच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

मग शेपूट. शेजारच्या कोंबड्याच्या मानेचं पीस, त्याचे चार केस. कोंबडा अजून मला ओळखतो. मग तांब्याची तार, केसासारखी. मोटार वाइंडिंगच्या दुकानाबाहेर जळक्या पंख्यांचा ढीग असतो, त्यातली. आणि अंगाला मोरपिसाच्या काड्या. डोळ्याच्या नाही, खालच्या बाजूच्या, ज्यांना हिरवी-तपकिरी झाक असते.

मोरपीस आणायला दर्ग्यापाशी गेलो. तिथं एक म्हातारा फकीर मोरपिसांचा कुंचा घेऊन बसायचा, आल्यागेल्याच्या डोक्यावरून फिरवायचा.

"कायकू होना रे पर?"

"मच्छी पकडनेकू, चाचा."

"मच्छी मोर खाती क्या?"

"साहब की मच्छी है."

"हां. साहब की होंगी तो खाती होंगी." त्यानं कुंचा उलटा केला. "झडेले में से ले. अच्छेवाले कू हात नक्को लगा."

मग सूत. सगळं बांधायचं ते सुतानं. ते दाजींनी आणलं, खिशातून असं काढलं जसं काय सोनं. मिलमधलं सगळ्यात बारीक, ताण्याचं, खळ दिलेलं.

"हे बग. ह्याच्यावानी सूत अख्ख्या सोलापुरात न्हाई."

आणि खरंच भारी होतं ते. ताठ, गुळगुळीत, तुटेना. गळाच्या दांडीवर सुताचे वेढे, त्यावर शेपूट बांध, तांब्याची तार बांध, मोरपिसाच्या तीन काड्यांना पीळ देऊन दांडीभर गुंडाळ, शिसं झाकून टाक, वरून तांब्याच्या तारेचे विरळ वेढे उलट्या दिशेनं दे म्हणजे मोरपीस तुटत नाही, आणि किड्याच्या अंगावर कड्याही दिसतात. डोक्याकडं थोडं जाड कर. आणि शेवटी सूत.

इथं मी जरा अडलो. विलायती किड्याचं सूत कुठं संपलंय तेच दिसेना. डोकं नुसतं काळं चकचकीत. गाठ कुठाय? मी सुताचं टोक जिभेवर ओलं केलं, डोक्याभोवती गुंडाळलं आणि बोटानं दाबून धरलं. खळ थुंकीनं ओली झाली की डिंकासारखी चिकटते आणि वाळली की दगड. नखानं उचकटून बघितलं, हलेना.

"दाजी, गाठ मारू का नको?"

दाजींनी किडा हातात घेतला, चिमटीत दाबला, ओढून बघितला, आणि असे हसले की त्यांचे पान खाल्लेले सगळे दात दिसले.

"खळ बसली न्हवं? मग गाठ कशाला? आमच्या खात्याच्या खळीपुढं गाठ काय करती?"

सायझिंगचा माणूस बोलला. मी मॅट्रिक माणूस गप्प बसलो. आणि किडे करत सुटलो.

पहिला डाव साहेबानं परत पाठवला. दाजींनी निरोप आणला, डोकं मोठं झालंय. लहान केलं. मग शेपूट लांब. कापलं. मग म्हणे फार चकाकतात. मी मोरपीस बदललं. मग म्हणे आता फार मळकट. मी म्हटलं, "दाजी, ट्राउटनं स्वतः काय सांगितलंय का? का साहेबच खानार हाय?"

"हळू बोल," दाजी म्हणाले. घरात. आपल्या घरात. साहेबाचा बंगला तिकडं मिलच्या पल्याड.

तेव्हापासून माझं टाळकं सरकायला लागलं. रोज दुपारी पत्र्याखाली घामाच्या धारा लागलेल्या, पंखा लावावा तर मोरपीस उडतं, म्हणून तोही बंद. आणि मी करतोय काय तर काश्मीरच्या माशाचा नाष्टा. रागारागात मी आक्कापुढं साहेब करायचो. दाजींसोबत गेटवर गेलो की मी त्याला बघायचो; त्याची एक लकब होती, बोलायच्या आधी जीभ टाळूला लावून टॉक करायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी पट्टा वर ओढायचा. आणि खोटं बोलायचं असलं की इंग्रजीत बोलायचा. आक्का तोंडाला पदर लावून हसायची. मग मी दाजी करायचो, पाठ वाकवून, "व्हय साहेब." त्यालाही हसायची. जरा कमी.

शेवटी एकदाचे पसंत पडले. निघायच्या दोन दिवस आधी, रविवारी संध्याकाळी, साहेबानं दाजींना बंगल्यावर बोलावलं. "आणि त्या मिमिकला पण आण." म्हणजे दाजींनी माझ्या नकलांचंही सांगून ठेवलं होतं. साहेबाला खूश करायला त्यांनी घरातलं काय काय नेऊन दिलं होतं कोण जाणे.

बंगल्याच्या अंगणात वेताच्या खुर्च्या, चहा, साहेबाचे दोन-तीन पाहुणे, त्यांच्या बायका. मधोमध एक गोल हौद, त्यात कमळाची पानं. अख्ख्या गावाला नळाला पाणी एक दिवसाआड आणि ह्याच्या हौदात कमळं. आम्ही दोघं गवताच्या कडेला उभे. बसा कुणी म्हटलं नाही.

"हं, कर काहीतरी," साहेब म्हणाला.

मी भोंगा केला. एक बाई दचकून चहा सांडता सांडता वाचल्या. सगळे हसले. कोंबडा केला. कंडक्टर केला. दाजी माझ्याकडं बघत होते आणि मग साहेबाकडं, मग परत माझ्याकडं, जसं काय मी मागावरचं कापड आहे आणि साहेब तपासतोय.

मग साहेबानं डबी काढली. "आणि हे बघा ह्याच मुलानं केलेत. इंग्लंडच्या तोडीचे." एक किडा दोरीच्या टोकाला बांधला आणि पाहुण्यांना दाखवायला हौदात सोडला. किडा सरळ तळाला गेला. "बघा, वजन कसं नेमकं आहे." साहेब दोरी हळूहळू हलवत होता, किडा पाण्यात खालीवर होत होता, आणि खरं सांगतो, जिवंत दिसत होता. माझी छाती फुगली. दाजींची तर गळ्यापर्यंत आली.

साहेबानं त्याला बराच वेळ पोहवलं. कुणाचं बदलीचं प्रकरण, कुणाच्या मुलीचं लग्न, गप्पा चाललेल्या आणि किडा पाण्यात. मग साहेबानं दोरी वर ओढली.

आधी शेपूट नव्हतं. मग मोरपीस सुटून लोंबायला लागलं, लांब, लांब, कुणी विणलेलं उसवत नेल्यासारखं. सूत शेंबडासारखं ओघळलं. पाण्यात एक पांढरट ढग उठला होता. खळ. आणि दोरीच्या टोकाला उरला गळ, त्याच्या पोटावर आमच्या घराची फ्यूजची तार.

एक पाहुणे म्हणाले, "अहो, तुमचा किडा नागडा झाला की."

सगळे हसले. साहेब हसला नाही. त्यानं ती पांढरी बुळबुळ बोटाला लावून बघितली.

"खळ? अरे, पाण्यात टाकायच्या वस्तूला खळीचं सूत? आणि गाठ? गाठच नाही?" टॉक केलं, पट्टा ओढला. "म्हणूनच रे तू बदली. जन्मभर खळीत हात घालून तुला कळलं नाही खळ पाण्यात विरघळते?"

"व्हय साहेब," दाजी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. तेच राहिलं होतं तिथं, काढायचं विसरल्यासारखं. साहेबाचं लक्ष त्याच्यावर गेलं आणि त्याला युक्ती सुचली. पाहुण्यांच्या हसण्याची दिशा बदलायला पाहिजे होती ना.

"ए मिमिक, ह्याला कर. हे तोंड बघ ह्याचं. 'व्हय साहेब.' कर, कर. ह्याला सगळ्यात चांगला करत असशील."

मी हललो नाही.

"अरे कर ना."

आणि मग दाजी म्हणाले, माझ्याकडं न बघता, "कर की. साहेब म्हनत्यात तर कर."

तुम्हाला सांगतो, तोपर्यंत मी चिडलो होतो ते साहेबावर. त्या क्षणी मला सगळ्यांचाच राग आला. कमळांचा आला. दाजींचा तर इतका आला की त्यांच्या डोक्यात ती डबी घालावी. आणि मग माझे अंगठे आपोआप पट्ट्याकडं गेले. मला पट्टा नव्हता, नाडीची विजार होती. तरी मी ओढला. टॉक केलं.

"ए ट्राउट," मी साहेबाच्या आवाजात म्हणालो.

हौदाच्या कडेला गेलो, तो नागडा गळ हातात घेतला, पाण्यावर धरला. "ए ट्राउट, इकडं ये. नाव काय तुझं? जाऊ दे, नावाची गरज नाही. हे बघ, हा गळ आहे. किडा नाही ह्याला, किडा सुट्टीवरून आलो की बघू. तू आधी गीळ. परमनंट करीन तुला. आय प्रॉमिस. माय वर्ड." आणि इंग्रजी सुरू झालं की साहेब जसा मान बाजूला करून लांब कुठंतरी बघायचा, तसा मी मिलच्या धुराड्याकडं बघितलं. "दरवर्षी येतो की मी. दरवर्षी तू गेटवर उभा राहा. नशीब तुझं, कुठला तरी मासा आजारी पडला तर तुला काम."

कुणी हसलं नाही. एका बाईंनी कप बशीत ठेवला त्याचा आवाज आला.

मला वाटलं, आता हाकलणार. हाकलू दे. मारू दे. मी त्यासाठीच उभा होतो.

आणि साहेब हसला. खो खो हसला. मांडीवर थाप मारून, डोळ्यांतून पाणी काढून. "अरे वा. पट्टा बघा, पट्टा. मी असं करतो?" मग पाहुणेही हसायला लागले, सुटल्यासारखे. साहेबानं डोळे पुसले आणि माझ्याकडं बोट केलं. "मॅट्रिक ना तू? उद्या ये गेटवर. सायझिंगमधली ती जागा आहे, तुला देतो. असला चुणचुणीत माणूस पाहिजे मला खात्यात." आणि दाजींकडं वळून, "घरातल्या घरातच राहील. चालेल ना रे, बदली?"

"व्हय साहेब."

"आणि ते किडे गाठी मारून आण. परवा निघायचंय मला."

माणसाला तोंडावर शिवी द्यावी आणि त्यानं ती वाढदिवसाची भेट असल्यासारखी घ्यावी, ह्याच्यासारखा अपमान नाही. मी त्याला फाडायला गेलो होतो. त्यानं मला कामाला ठेवलं.

परत येताना दाजी सायकल हातात धरून चालत होते. बसले नाहीत. मी बडबडत होतो. मी जाणार न्हाई म्हटलं. त्याच्या मिलवर थुंकत बी न्हाई म्हटलं. तुमची जागा मला देतो म्हणजे काय, तो कोण लागून गेला, तुमी तरी तोंड उघडायचं की. सायकलची चेन तेवढी कुरकुरत होती.

घरी आल्यावर त्यांनी सायकल भिंतीला लावली, आत आले, आक्कानं पाण्याचा तांब्या दिला तो तसाच हातात धरून माझ्याकडं वळले. मी दाजींना कधी कुणावर ओरडताना बघितलं नव्हतं. ओरडले ते पण हळूच, पलीकडं भाऊ-भावजय होते म्हणून.

"गाठ का मारली न्हाईस?"

"तुमीच म्हणला हुता गाठ कशाला."

"मी म्हनलो. मी काय बी म्हनतो. तू शिकलेला हायस न्हवं? पान्यात टाकायची वस्तू एकदा तांब्यात तरी बुडवून बघशील का न्हाई?"

"दाजी, त्यो तुमाला—"

"आन् तितं मी म्हनलो, कर माजी नक्कल. का न्हाई केलीस? घरात रोज करतोस. मी दाराभायेर हुबा ऱ्हाऊन ऐकलंय, चांगली करतोस. तितं केली असतीस तर चार मानसं हासली असती, साहेब खूश झाला असता, इषय मिटला असता. तुला मान कुनी राखाया सांगितला हुता माजा?"

मी म्हटलं, मी उद्या जाणार नाही. तुमची जागा मी घेणार नाही.

आमच्या भांडणातून आक्कानं अर्धं ऐकलं होतं, अर्धं तिला कळलंच होतं. ती बाजेखाली वाकली, गोणपाट बाहेर ओढलं, सोडलं आणि तवा माझ्यापुढं जमिनीवर आपटला. त्याचा जो आवाज झाला तो मला आजपर्यंत काढता आलेला नाही.

"ह्यो बग," ती म्हणाली. "बग नीट. ह्याला किती तेल पाजलं म्या, त्यात एक लगीन झालं असतं. जाणार न्हाई म्हनं. का? राग आला. तुला एकट्यालाच येतो व्हय राग? ह्यांस्नी येत न्हाई? मला येत न्हाई, रोज त्या बाईचा तवा उतरायची वाट बगत बसते तवा? खोली तुज्या नावावर झाली काय आन् ह्यांच्या नावावर झाली काय, चूल माजीच पेटनार हुती की रे मुडद्या. आला मोठा साहेबाची नक्कल करनारा. खाऊन-पिऊन टगा झालास आन् थुकाया निगालास मिलवर. उंद्या भोंग्याच्या आदी गेटवर जाऊन हुबा ऱ्हायचं. तोंड गप ठेवायचं. आन् आत्ता बस हितं, ती पकड घे, त्या समद्या किड्यांस्नी गाठी मार. एकेकाला दोन-दोन. आन् खळीचं सूत न्हाई, माज्या शिवनाच्या डब्यातलं घे."